शिब्ली नासीफ, निपुत्रिक, मयत

शिब्ली नासीफ मयत झाल्याची नोंद शिब्ली नासीफला सापडली ती एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला. त्या वेळी त्याच्या तोंडात ऑलिव्हची बी होती. हैफाच्या जमीन-कचेरीत टेबलावर बसून खायला मनाई होती, पण तुर्कांच्या जुन्या वह्यांची धूळ घशात गेली की काहीतरी तोंडात धरल्याशिवाय त्याचं चालायचं नाही. बी गालात सरकवून ठेवली की बाहेरून कळतही नसे. तुर्क जाऊन दहा वर्षं झाली होती, त्यांच्या वह्या मागं राहिल्या होत्या, आणि त्या वाचू शकणारी माणसं कचेरीत दोनच. त्यातला एक म्हातारा होऊन घरी बसला होता. शिब्लीची नोकरी होती ती एवढ्यामुळंच. जुनी नोंद वाचायची, इंग्रजीत उतरवायची, खाली सही करून प्रिंगल या इंग्रज साहेबापुढं ठेवायची. त्या पानावर आठव्या ओळीत गाव होतं ऐन सुमाक. ते त्याचंच गाव, पण गावाचं नाव पाहून तो दचकला नाही. फाईलच त्या गावाची होती आणि ती आपल्या टेबलावर येणार हे त्याला महिनाभर ठाऊक होतं. पुढं जमिनीच्या खुणा होत्या. ओढ्यापासून काळ्या खडकापर्यंत, खडकापासून जेनीनच्या रस्त्यापर्यंत, म्हणजे गावाची झाडून सगळी शेतं. पुढं धारकाचं नाव: शिब्ली नासीफ. बापाचं नाव नाही. लिहिणाऱ्याला घाई असावी. आणि त्याच्यापुढं वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं, अठरा वर्षांनंतरच्या तारखेचा शेरा: तीनदा पुकारले. मयत. निपुत्रिक. जमीन सरकारजमा. बी शिब्लीनं कधी गिळली ते त्याला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की तोंडावर कोणाचा तरी तळहात आहे, घट्ट, ओला, कांद्याचा आणि राखेच्या पाण्याचा वास असलेला, आणि त्या हाताखाली नीट श्वास घेता येत नाही.

समोरच्या टेबलावर सिमंतोव होता. हा तिबेरियासचा जुना यहुदी, त्याच्या खापरपणजोबापासून सगळे तिथल्याच तळ्याकाठचे, अरबी अशी बोलायचा की बाजारातल्या भाजीवाल्या बायका त्याच्या तोंडी लागत नसत. त्यानं मान वर केली. "काय रे, भूत बघितलंस का?"

"हो. माझंच."

सिमंतोव उठून आला, चष्मा कपाळावर चढवून त्यानं ओळ वाचली. तुर्की त्याला अर्धीमुर्धी यायची, पण मयत हा शब्द कोणालाही वाचता येतो. "अरे वा. म्हणजे गेली नऊ वर्षं मी मयताबरोबर कॉफी पितोय. तरीच तू कधी स्वतःहून कॉफी मागवत नाहीस." मग त्यानं शिब्लीचा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला. "चुलता असेल तुझा. नाव तेच असतं आपल्याकडं."

"चुलताच. येमेनला लष्करात नेला होता, तिथं गेला. पण तारीख बघ."

सिमंतोवनं तारीख बघितली. शिब्लीला ती आकडेमोड करायची गरज नव्हती. चुलता येमेनमध्ये तापानं मेल्याची बातमी एक कान तुटलेला शिपाई घेऊन आला, ते वर्ष घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण त्याच वर्षी टोळ आले होते. जमिनीची नोंद त्याच्या पुढच्या वर्षीची होती. मेल्यानंतर एक वर्षानं माणसाच्या नावावर अख्खं गाव लागलं होतं. "मेल्यावर एवढी बढती कोणाला मिळते," सिमंतोव म्हणाला, पण हसला नाही, आणि जाऊन आपल्या जागी बसला.

दुपारी घरी जाताना शिब्ली नेहमीच्या उतरणीनं न जाता बंदराच्या बाजूनं गेला. लांबचा रस्ता, पण त्याला सरळ चालायचं होतं, आणि उतरणीवर गुडघे बोलायला लागले की विचार करता येत नाही. आपलं नाव हा त्याच्या आयुष्यातला एक जुना, बारीक सल होता. रीत अशी, की पहिल्या मुलाला आजोबाचं नाव ठेवायचं. त्याच्या बाबांनी, म्हणजे दीब नासीफनं, ते ठेवलं नाही. ठेवलं ते मेलेल्या थोरल्या भावाचं. आजोबा तेव्हा जिवंत होते, ते चाळीस दिवस सुनेच्या हातचं जेवले नाहीत. बायका विहिरीवर बोलायच्या, न नांदता, न फळता गेलेल्या माणसाचं नाव पोराला कोणी ठेवतं का. आईनं हे सगळं त्याला हसतहसत सांगितलं होतं, पण कणकेचा हात जरा जोरात आपटत. शिब्लीनं स्वतःची समजूत घातली होती की बाबांची भावावर फार माया असेल. बाबा कधी मायेनं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं, तरी ही समजूत त्यानं वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षापर्यंत टिकवली होती, कारण तिच्याशिवाय त्या नावाला दुसरा अर्थ नव्हता. बंदरावर संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या होत्या आणि कॉफीच्या दुकानात तोच वाद चालू होता, जो पोरासोरांनाही पाठ झाला होता: लढाईच्या धामधुमीत इंग्रजानं एकाच नवरीचं, म्हणजे या मुलखाचं, लग्न दोन ठिकाणी ठरवलं, एकदा आपल्याशी आणि एकदा यहुद्यांशी. कोणीतरी त्याला आदरानं हाक मारली, "या की, शिब्ली एफेंदी." आपलं नाव ऐकून तो क्षणभरही थांबला नाही. पाच-सात पावलं पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ओ दिली नाही.

आणि तो तळहात. ही आठवण त्याला लहानपणापासून होती. तापात यायची, कधी भर उन्हात नुसत्या कांद्याच्या वासानं यायची. अंधारी खोली, धान्याच्या मातीच्या कोठीमागची जागा, पाठीला गार भिंत, तोंडावर आईचा हात, आणि बाहेर कोणीतरी त्याचं नाव घेऊन ओरडतंय. पुरुषाचा आवाज, परका, उच्चार जरा वाकडे. त्याला वाटायचं आपण लपाछपी खेळत असू. पण आई काही लपाछपी खेळणारी बाई नव्हती. त्यानं तिला एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली, "तापात माणूस काहीही बघतो." मग तिनं विषय बदलून पोरींच्या केसांबद्दल काहीतरी काढलं. आता ती जाऊन सहा वर्षं झाली होती. विचारायला राहिले बाबाच.

त्या रात्री बायकोनं, नजलानं, ताटात चक्क्याचे गोळे वाढले, वर तेल घातलं, आणि म्हणाली, "तुमच्या गावच्या फाईलीचं काय झालं?" तो म्हणाला, सोमवारी. एवढंच म्हणाला. सोमवारी काय, ते तिलाही ठाऊक होतं. कारकुनाच्या बायकोला कायदा नवऱ्याइतकाच येतो. शिब्लीच्या लहानपणी कधीतरी ऐन सुमाकची शेतं सरकारनं लिलावात काढली होती आणि बैरूतच्या एका व्यापाऱ्यानं ती न बघता घेतली होती. गावाला ते कोणी सांगितलं नाही. दरवर्षी एक माणूस यायचा, खळ्यावरून वाटा घेऊन जायचा. गाव समजत होतं हा सरकारचा सारा. आता व्यापाऱ्याच्या नातवंडांनी ती जमीन युरोपातून येणाऱ्या यहुद्यांसाठी जमिनी घेणाऱ्या मंडळींना विकली होती. विक्री कागदोपत्री चोख होती. एकच गोष्ट उरली होती: जुन्या वहीत ज्याचं नाव असेल ते गावच्या खळ्यावर तीनदा पुकारायचं. त्या माणसानं किंवा त्याच्या वारसानं तिथल्या तिथं हरकत घेतली, तर प्रकरण कोर्टात जायचं आणि निकाल लागेपर्यंत नांगर ज्याच्या हातात त्याच्याच हातात. कोर्टात गाव जिंकेल असं शिब्लीला वाटत नव्हतं, तो काही दुधखुळा नव्हता. पण एक पेरणी मिळायची, कदाचित दोन. कोणी बोललं नाही, तर पंधरा दिवसांत बावीस घरांनी उठायचं. आणि पुकारायचं काम कचेरीच्या भाषांतरकार कारकुनाचं. ज्या कारकुनाचा स्वतःचा हक्क गुंतलेला असेल, त्यानं त्याच दिवशी पेन खाली ठेवायचं, नोकरी सोडायची, हाही नियमच. त्याला तीन पोरी होत्या, तिघी नन्सच्या शाळेत जात होत्या. नजलानं ताट उचललं तेव्हा त्यात दोन गोळे तसेच होते.

बुधवारी खिडकीशी एक माणूस आला. उंच, उन्हानं भाजलेल्या नाकाचा, हातात नकाशा उलटा धरलेला. ऐन सुमाकच्या जमिनीवर जी मंडळी वसायची होती त्यांच्यापैकी तो होता आणि यादीत आपलं नाव बरोबर लागलं आहे का, हे बघायला आला होता. सिमंतोवशी तो हिब्रूत बोलायला लागला, पण सिमंतोवनं शिब्लीकडं बोट दाखवलं. ती यादी शिब्लीकडं होती. मग तो तोडक्यामोडक्या अरबीत बोलला. तीन वर्षं तो बैसानकडं रस्त्याच्या कामावर होता, अरबी तिथंच शिकला होता, त्यामुळं त्याच्या बोलण्यात मुकादमाच्या शिव्या मध्येच प्रेमानं यायच्या. यादीत त्याचं नाव लाझार असं होतं. शिब्लीनं नियमाप्रमाणं विचारलं, "हे जन्माचं नाव का?"

"नाही. जन्माचं तिकडं राहिलं. युक्रेनमध्ये."

"ते पण लिहावं लागतं."

माणसानं नकाशा कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, "आमच्या गल्लीत घोडेस्वार आले. यहुद्यांची घरं शोधत. दार वाजवलं, आडनाव घेऊन विचारलं. मी माळ्यावर होतो. माझा भाऊ खाली होता. तो खरा माणूस, गाढव. त्यानं हो म्हटलं, मीच तो." त्यानं हातानं पुढचं दाखवलं नाही, नुसता हात खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "आडनाव आमचं एकच. ते मी बोटीवरून उतरताना टाकलं. लाझार त्याचं नाव. मी घेतलं."

शिब्लीनं ते रकान्यात लिहिलं नाही. का लिहिलं नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. मेलेल्या भावाचं नाव घेऊन फिरणारा आणखी एक माणूस या शहरात आहे, आणि तो आपल्याच गावच्या शेतात राहायला येणार आहे, एवढं त्याच्या डोक्यात भरून राहिलं. त्या माणसाचा राग यायला हवा, असं त्याला वाटलं. राग होताही, पण तो कोणाकडं वळवावा हे कळत नव्हतं, आणि समोरच्या भाजलेल्या नाकाकडं बघून तो तर मुळीच येईना. त्यानं नकाशा सुलटा करून त्याच्या हातात दिला. "ही वरची बाजू. इकडं ओढा." लाझारनं ओढ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पाणी उन्हाळ्यात असतं का?" शिब्ली म्हणाला, "ऑगस्टपर्यंत." खरं होतं ते.

शुक्रवारी सुट्टी. दरीतली छोटी आगगाडी धरून, पुढं एका मेंढपाळाच्या गाढवावरून तो दुपारी ऐन सुमाकला पोचला. बाबा दारातल्या दगडावर बसून हिरव्या ऑलिव्ह ठेचत होते. एक ऑलिव्ह ठेवायची, गोट्यानं एकच टोला द्यायचा, बी फुटता कामा नये, मग मिठाच्या पाण्याच्या घड्यात टाकायची. शहात्तर वर्षांच्या माणसाचा एकही टोला वाया जात नव्हता. "आलास," बाबा म्हणाले. "अवेळी आलास. कोणी मेलं का?"

"मी," शिब्ली म्हणाला, आणि समोर बसला. "बाबा, काकाच्या नावावर जमीन कोणी लावली?"

टोला पडला. ऑलिव्ह घड्यात गेली. "मी," बाबा म्हणाले.

शिब्लीनं घाई केली नाही, कारण या माणसाला घाई केली की तो बहिरा होतो. आणखी पाच-सहा ऑलिव्ह झाल्यावर बाबा आपणहून बोलायला लागले, बाजारभाव सांगावा तसे. "दोन माणसं आली घोड्यावर. सुलतानाचा नवा कायदा म्हणाली. जमीन कोणाची ते सांगा, कागद करून देतो. आता जमीन कोणाची? दर दोन वर्षांनी आम्ही खडे टाकून शेतं बदलून घ्यायचो. यंदा ओढ्याकडचं तुझं, पुढच्या खेपेला माझं. सगळ्यांची ती. पण वहीत सगळे मावत नाहीत, नाव सांगा म्हणे. गावचा कारभार बघणाऱ्या मुखतारनं सगळ्यांना खळ्यावर जमवलं. कोणी तोंड उघडेना. वहीत नाव गेलं की ते लष्कराच्या यादीत गेलं, आणि यादीतला माणूस येमेनला गेला. शिब्लीचं तसंच झालं होतं की. हाक आली, तो 'आलो' म्हणून भाकरी हातात घेऊन बाहेर गेला. भाकरीसकट नेला त्याला. मग मी म्हणालो, शिब्लीचंच नाव द्या. तो मेलाय. त्याला आता कोण नेणार?"

"तुम्ही वीस वर्षांचे होता."

"वीस. सगळ्यांना पटलं. मुखतारनं पाठीवर थाप मारली. दीब डोकेबाज, असं नाव पडलं माझं. लग्नाला त्याचा उपयोगच झाला." बाबांनी गोटा बाजूला ठेवला. "मग हळूहळू कळायला लागलं. मेलेल्याची जमीन म्हणजे कोणाचीच नाही. उद्या कोणी विचारलं, शिब्ली कुठाय, तर काय दाखवू? थडगंसुद्धा येमेनमध्ये. म्हणून मग तू झालास तेव्हा तुझं नाव शिब्ली ठेवलं. कागदाला माणूस दिसत नाही रे, नाव दिसतं. कोणी पुकारलं तर ओ द्यायला कोणीतरी असावं."

शिब्लीच्या समोर कोंबड्या मिठाच्या ओल्या डागांवर चोची मारत होत्या. तो त्यांच्याकडं बघत राहिला. म्हणजे माया नव्हती. आपण म्हणजे फाटक्या वहीला लावलेलं ठिगळ. आजोबांचा चाळीस दिवसांचा उपास, विहिरीवरच्या बायका, आईचा कणकेतला हात, सगळं एका नोंदीसाठी. त्याला बाबांचा राग आला, स्वच्छ, साधा राग, लहानपणी यायचा तसा.

"भावावर माया नव्हती असं नाही," बाबा म्हणाले, त्यानं काही विचारलं नसताना.

"आणि ते आले तेव्हा? पुकारायला आले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. कोठीमागं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता."

"मीच सांगितलं होतं तिला."

"त्यासाठीच तर माझं नाव ठेवलं होतं ना? ओ द्यायला?"

"अरे, बूट तेच होते," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तेच बूट, तशीच वही, तोच उच्चार. जमिनीचा माणूस कोणता आणि लष्कराचा कोणता, आम्ही कसं ओळखणार? शिब्ली नासीफ म्हणून ओरडला. मला तू दिसलास, भाकरी हातात घेतलेला. दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा मीच म्हणालो, मेला. पोरंबाळं? नाहीत. त्यानं लिहून घेतलं आणि गेला. मी घरात येऊन तुझ्या आईला म्हणालो, वाचलो." त्यांनी तळहाताचं मीठ लांब अंगरख्याला पुसलं. "वाचलासच तू. हैफाला शिकलास, साहेबाच्या कचेरीत बसतोस. त्यात काय खोटं आहे?"

शिब्लीनं सोमवारचं सांगितलं. बाबांना ते कळायला वेळ लागला नाही. डोकेबाज ते अजून होतेच. "मग पुकार की," ते म्हणाले. "तुझं कामच आहे. तीनदा पुकार आणि पान उलट. पोरींची शाळा आहे."

"आणि बावीस घरं?"

"बावीस घरांना ठाऊक नाही." बाबा खळ्याकडं बघत होते. खळं रिकामं होतं, तिळाची काडं वाऱ्यानं एका कडेला जमली होती. "त्यांना वाटतं बैरूतच्या व्यापारी खवाजानं फसवलं. वाटू दे. तू ओ दिलीस तर कोणीतरी विचारेल, हा मेला म्हणून कोणी सांगितलं होतं? ती म्हातारी सबहा अजून जिवंत आहे, तिला सगळं आठवतं. मी मेल्यावर कळू दे रे. थोडेच दिवस आहेत." ही विनवणी होती. बाबांना विनवणी करताना शिब्लीनं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं त्याला आधी ती ओळखताच आली नाही. निघताना बाबांनी ऑलिव्हची बरणी फडक्यात बांधून दिली. "पंधरा दिवस उघडू नकोस," ते म्हणाले. "कडू लागतील."

शनिवार-रविवारी शिब्लीनं काही ठरवलं नाही. ठरवायचं असं काही नसतंच, असं त्याला वाटत राहिलं. आपण नियमाप्रमाणं वाचायचं. नजलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारू नका. मी हो म्हटलं तरी पस्तावाल, नको म्हटलं तरी." आणि जाऊन धाकटीचा गणवेश शिवत बसली, जो आणखी एक वर्ष चालेल असा तिनं खाली सोडून ठेवला होता. सिमंतोव रविवारी रस्त्यात भेटला. यहुदी म्हणून तोही आता लाझारच्या बाजूचा माणूस होता, म्हणजे लोक तसं समजायला लागले होते; त्याच्या मुलाचे मित्र त्याला विचारायचे, तू अरबांबरोबर कॉफी कसली पितोस. तो म्हणाला, "मी तुला काही सांगणार नाही. फक्त एक. तुझी जागा गेली तर त्या वह्या वाचणार कोण? मला मयत सोडून काही वाचता येत नाही." हसायला सांगितलं असतं तर शिब्ली हसला असता.

सोमवारी नऊ वाजता खळ्यावर सगळं गाव होतं. टेबल मुखतारच्या घरातून आणलेलं, एक पाय आखूड, खाली दगड. प्रिंगल साहेब टोपी मांडीवर घेऊन बसला होता, घामानं त्याची मान लाल झाली होती. माणूस वाईट नव्हता, त्याला जेवायच्या आत हैफाला परत जायचं होतं. टेबलाच्या एका बाजूला मोजणीवाले आणि त्यांच्यामागं लाझार, दोन्ही हातांत टोपी धरून. दुसऱ्या बाजूला गाव. बाबा भिंतीच्या सावलीत, सबहाच्या शेजारी. शिब्लीनं उभं राहून आधी इंग्रजीत, मग अरबीत हुकूम वाचला. आवाज नेहमीचा होता. मग वही उघडून त्यानं पुकारलं, "ऐन सुमाकचा शिब्ली नासीफ."

काही पोरं हसली. त्यांना वाटलं कारकून स्वतःची ओळख करून देतोय. प्रिंगलनं घड्याळ बघितलं. दोन पुकाऱ्यांमध्ये एक मिनिट सोडायचं, असा नियम होता. त्या मिनिटात शिब्लीला खळ्याच्या कडेला आपलं घर दिसत होतं, दार उघडं होतं, आतली कोठी दिसत होती. तो तिथून ऐकत होता आणि इथून ओरडत होता. परका आवाज, जरा वाकडे उच्चार. कचेरीत राहून त्याचे उच्चार बदलले होते, आई असताना चिडवायची. "शिब्ली नासीफ," त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. बाबा जमिनीकडं बघत होते. आता कोणी हसलं नाही. त्याला कांद्याचा वास आला. खळ्यावर कांदा कुठंच नव्हता. तळहात तोंडावर होता, तसाच, ओला, घट्ट, आणि त्याला पहिल्यांदा कळलं की तो हात थरथरत होता. इतकी वर्षं त्याला फक्त घट्टपणा आठवत होता. आई घाबरली होती, बाहेर बाबा घाबरले होते, माळ्यावर तो लाझार घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसांनी जे जे केलं ते सगळं कोणीतरी व्यवस्थित वहीत उतरवून घेतलं होतं. "शिब्ली नासीफ," तो तिसऱ्यांदा म्हणाला, आणि मिनिट संपायची वाट न बघता त्यानंच उत्तर दिलं. "हजर."

लाझार एक पाऊल मागं सरकला. त्याला आपण सरकलो हे कळलंही नसावं.

"कोण बोललं?" प्रिंगलनं विचारलं.

"मी, साहेब. माझी हरकत आहे." शिब्लीनं पेन वहीवर ठेवलं, आडवं, घरंगळणार नाही असं.

प्रिंगलला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं वही आपल्याकडं ओढून इंग्रजी भाषांतर वाचलं, शिब्लीच्याच अक्षरातलं. "पण यात तर हा माणूस मयत आहे. निपुत्रिक."

गावात कुजबुज झाली. कोणीतरी इंग्रजी समजणारा होता. आणि सबहा, जिला सगळं आठवत होतं, भिंतीपाशी उभी राहिली. "मयत म्हणून सांगितलं होतं ते ह्यानं," ती म्हणाली. "ह्या दीबनं. इथंच. मी तिळाच्या राशीमागं होते. तेव्हा मला वाटलं, पोराला वाचवतोय, बरं करतोय." ती वाईट बोलली नाही. नुसती आठवण सांगितली.

सगळं गाव बाबांकडं बघायला लागलं. प्रिंगल म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला विचार." विचारायला दुसरं कोणी नव्हतं, कारकुनानं पेन खाली ठेवलं होतं, पण दुभाषी तोच होता. शिब्ली खळ्याच्या मधोमध गेला. त्याच्या मागं एक वही होती, पुढं बाप. त्यानं नियमाच्या भाषेत विचारलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत त्याला ते विचारता आलं नसतं. "साहेब विचारतात, शिब्ली नासीफ जिवंत आहे की मयत?"

बाबा उठले. उठायला त्यांना भिंत लागली. ते चालत आले, अगदी जवळ, इतके की हाताचा ऑलिव्हचा कडू वास आला, आणि त्यांनी हात वर केला. पण हात तोंडावर आला नाही. तो त्याच्या गालावर आला आणि तिथंच राहिला, आणि बाबा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलले. "जिवंत आहे. माझा मुलगा आहे. तेव्हा मी खोटं बोललो. जमिनीचं खोटं, आणि ह्याचंही. मी भ्यालो होतो."

टेबलाच्या आखूड पायाखालचा दगड सरकला आणि मुखतारनं वाकून तो परत लावला.

"काय म्हणतोय तो?" प्रिंगलनं विचारलं.

शिब्लीला इंग्रजी आठवेना. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. मग हळूहळू शब्द परत आले, आणि त्यानं ते शब्दाला शब्द सांगितले, शेवटच्या तीन शब्दांसकट. प्रिंगल साहेबानं पेन उचललं, रकाना शोधला, आणि हरकत घेणाऱ्याचं नाव विचारलं, नियमाप्रमाणं, जणू काही त्याला ते ठाऊक नव्हतं.